सात नंबरचा डावा हात

"झाली का बेरीज?" प्रमिलाताईंनी संत्रं सोलता सोलता विचारलं. वर बघितलंही नाही.

"झाली. तीनदा केली."

"तीनदा काहून? एकदा जमत नाही का तुले?"

"सरकारी सवय. एकदा केलेल्या बेरजेवर आमचे साहेब सही करायचे नाहीत."

त्या हसल्या. धंतोलीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या ओसरीत आम्ही बसलो होतो. डिसेंबरातलं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. प्रमिला हरकरे तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या, तरी पाठ अशी ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना ठाऊकच नसावं. लग्न केलं नाही, एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून सगळी नोकरी काढली, आणि त्याआधी बारा वर्षं उदय क्रीडा मंडळाकडून बास्केटबॉल खेळल्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी सांख्यिकी खात्यातून नुकतीच निवृत्त होऊन नागपूरला राहायला आले होते. आमच्या भागातल्या बास्केटबॉल संघटनेचा सुवर्णमहोत्सव होता. सर्वांत जास्त गुण करणाऱ्या जुन्या महिला खेळाडूचा सत्कार करायचा असं ठरलं होतं. नावं दोन पुढे आली. नागपूरच्या प्रमिला हरकरे आणि अमरावतीच्या सुधा बोबडे. दोघींची माणसं आपापल्या बाजूने ठामपणे बोलत होती, आणि कागद कुणाकडेच नव्हता. संघटनेच्या जुन्या गुणपत्रिका वाळवीने खाल्ल्या होत्या. तेव्हा सेक्रेटरी खडतकर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "कुंदाताई, तुमचं आयुष्य आकड्यांत गेलं. एवढं आमच्यासाठी करा."

मी केलं. दोन महिने वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळल्या. त्या काळी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी यायच्याच, शेवटी प्रत्येकीच्या नावापुढे तिचे गुण. मी वर्षवार तक्ते केले. प्रमिलाताईंचे भरले अकराशे बेचाळीस. सुधा बोबडेंचे एक हजार एकतीस.

"म्हणजे तुम्हीच," मी म्हणाले.

प्रमिलाताईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या. आनंद लपवायची ती त्यांची तऱ्हा. शेवटी म्हणाल्या, "सुधी चांगली होती खेळायला. कोपरं मात्र फार मारायची."

मला तिथेच थांबता आलं असतं. पण त्या ओसरीत, त्या उन्हात मला माझी जुनी गोष्ट सांगायचा मोह झाला. दोन महिने ती मी जपून ठेवली होती, बेरीज झाल्यावर बक्षिसासारखी द्यायची म्हणून.

"ताई, तुम्हांला सांगितलं नाही मी. मी तुम्हांला खेळताना पाहिलंय."

"तू? तू तर अकोल्याची."

"वडिलांची बदलीची नोकरी होती ना. एक वर्ष नागपूरला होतो आम्ही, सहासष्ट साली. मी सहावीत होते. मैदानाच्या मागची जी बुटकी भिंत, तिला लागून आमचं घर. मी आणि माझा भाऊ त्या भिंतीवर बसून सगळे सामने बघायचो. नावं कुणाचीच ठाऊक नव्हती. आम्हांला फक्त सात नंबर माहीत. निळा शर्ट, पाठीवर पांढरा सात. या फाइलींतले गुण जुळवताना समजलं, सात म्हणजे प्रमिला हरकरे!"

त्या ऐकत होत्या. मला चेव चढला.

"आणि ती फायनल! अठ्ठावीस गुण केलेत तुम्ही. मुरमाचं मैदान, धुळीत चुन्याच्या रेघाही दिसेनाशा झालेल्या. तुम्ही डाव्या बाजूने आत शिरायचात आणि डाव्या हाताने चेंडू असा अलगद बोर्डाला टेकवायचात. समोरच्या पोरी उजवीकडेच उड्या मारत राहायच्या. मी आणि भाऊ नंतर कितीतरी दिवस डाव्या हाताने चेंडू फेकत होतो. आईने रट्टे दिले. आता जेवणारही डाव्या हातानेच का, म्हणाली."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं होतं, आणि माझं लक्ष तेव्हा पहिल्यांदा त्या हाताकडे गेलं. त्या उजव्या हाताने सोलत होत्या. चहा उजव्या हाताने ओतला होता. दोन महिन्यांत मी त्यांना लिहिताना, भाजी चिरताना, कुत्र्याला हाकलताना पाहिलं होतं. सगळं उजव्या हाताने.

"डावा नसेल," त्या म्हणाल्या. "लहान होतीस. तुले नीट आठवत नसेल."

"आठवतं."

"पन्नास वर्षं होऊन राहिली त्याला."

"ताई, माझ्या स्मरणात चुका असतील, पण ही नाही. त्या डाव्या हातापायी मी मार खाल्लाय."

त्यांनी सालं गोळा केली, ताटलीत ठेवली, पदराला हात पुसला. मग एकदम शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, "खडतकरला बेरीज केव्हा पाहिजे?"

"सोमवारपर्यंत."

"मग पाठवून टाक. उगाच उशीर करू नको."

मी घरी आले, पण बेरीज काही पाठवली नाही. खात्यात असताना एक गोष्ट अंगात मुरली होती. आकडा बरोबर असणं वेगळं आणि तो ज्याचा आहे त्याच्या नावापुढे असणं वेगळं. मी तक्ता उघडून त्या एका वर्षाकडे बघत बसले. पासष्ट-सहासष्टचा हंगाम, नऊ सामने, एकशे चौऱ्याहत्तर गुण. ते वजा केले तर प्रमिलाताईंचे राहत होते नऊशे अडुसष्ट, आणि पहिला नंबर अमरावतीला जात होता. सोमवारी खडतकरांचा फोन आला. मी त्यांना दोन दिवस मागून घेतले. कशासाठी, ते सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी प्रमिलाताईंचा फोन आला.

"पाठवली का?"

"नाही."

मग त्या म्हणाल्या, "वर्ध्याला येतेस का माह्यासोबत? साडेनऊची बस आहे."

बुटीबोरी मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न वळताच बोलू लागल्या.

"ती शरयू होती. शरयू ठोसर. लग्नानंतर देशकर. आम्ही दोघी एका वर्गातल्या, एका मंडळातल्या. माह्याहून चांगली होती खेळायला. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगून राहिली. डावखुरी. घरी डाव्या हाताने काही केलं की आई चिमटा घ्यायची, म्हणून घरात उजवी आणि मैदानात डावी, अशी वाढली ती. पासष्टच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासर नागपुरातच, महालात. सासऱ्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, परीक्षा देऊ दे हवी तर, पण चारचौघांत अर्ध्या चड्डीवर उड्या मारणं बंद."

"मग?"

"मग हिवाळ्यात मला टायफॉइड झाला. स्पर्धांसाठी नावं आधीच गेलेली. पाच पोरी आणि एक राखीव, एवढाच आमचा संघ. गोडे सर माह्या खाटेपाशी येऊन बसले, तोंड एवढंसं करून. शरयूही आली होती बघायला. मीच उशाखालचा माझा सात नंबरचा शर्ट काढून तिच्या अंगावर टाकला. म्हटलं, जा, खेळ. सर म्हणाले, नाव प्रमिलाचंच राहू दे. पेपरात हिचं नाव छापून आलं तर सासरे हिला घरात घ्यायचे नाहीत. आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण एकानेही तोंड उघडलं नाही. ती घरी सांगायची, प्रमिला आजारी आहे, तिच्यापाशी बसायला जाते."

बसने करकचून ब्रेक मारला. समोर म्हशी आडव्या आल्या होत्या. त्या जाईपर्यंत प्रमिलाताई थांबल्या, जणू म्हशींसमोर पुढचं बोलायचं नव्हतं.

"मार्चात मी उठून बसले. एप्रिलात राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलं. प्रमिला हरकरेच्या नावाने. त्या हंगामातले गुण बघूनच आलं होतं. आणि मी गेले."

"तुमचंच नाव होतं."

"नाव माह्यं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळून आले, पहिली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, पतियाळाला. परत आल्यावर वाटायचं, हिच्याकडे जावं. पण कोणत्या तोंडाने जाऊ? एक वर्ष गेलं, मग दोन. मग तिच्या नवऱ्याची वर्ध्याला बदली झाली आणि मला बरंच वाटलं. आता तुह्या बेरजेने मला पहिल्या नंबरवर बसवलं. बसू का मी त्यावर? आज तिलाच विचारते."

शरयूबाईंचं घर बसस्टँडपासून दूर नव्हतं. अंगणात तुळस, कडेला कढीपत्ता, आणि दाराशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई चष्मा कपाळावर ढकलून आमच्याकडे बघत उभी. प्रमिलाताई फाटकातच थबकल्या.

"आलीस?" ती बाई म्हणाली. "नागपूरहून वर्ध्याला यायला पन्नास वर्षं लागली वं. गाडी फारच लेट होती का?"

प्रमिलाताईंनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "जाडी झालीस."

"आणि तू अजून काठीच. ये आत. ही कोण?"

"ही कुंदा. हिने तुला भिंतीवरून पाहिलंय."

शरयूबाईंनी आम्हांला बसवलं, पाणी दिलं, पोहे केले. मी त्यांच्या हातांवरून नजर काढत नव्हते. पाण्याचा तांब्या उजव्या हातात, झारा उजव्या हातात. लिंबूदेखील त्यांनी उजव्या हातानेच पिळलं. मला वाटलं, आपली आठवण खरंच कच्ची निघाली की काय.

पोहे संपेपर्यंत दोघी गुडघ्यांवर बोलल्या. कुणाचा कोणता दुखतो, कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं. मग प्रमिलाताईंनी ताटली खाली ठेवली आणि सत्काराचं सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "ते एकशे चौऱ्याहत्तर गुण तुझे आहेत. कुंदा ते तुह्या नावावर लिहील. मला हे आधीच करायला पाहिजे होतं."

"नाही," शरयूबाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"त्यांना हात लावायचा नाही. आहेत तिथे राहू दे."

"आता कुणाला भितेस? सासरे गेले, नवरा गेला..."

"भीत नाही. तेव्हाच फारशी भीत नव्हते, आता काय भिऊ?" त्या उठल्या आणि भिंतीवरच्या फोटोपाशी गेल्या. नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ नसलेल्या एका काटक बाईचा फोटो होता. "ह्या माझ्या सासूबाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. दुपारी जेवणं झाली की मामंजी पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. सासूबाई गहू निवडत ऐकायच्या. एक दिवस मामंजींनी वाचलं, उदय मंडळाचा विजय, प्रमिला हरकरे बावीस गुण. मी भांडी घासत होते. माझा हात तिथेच थांबला."

"मग?"

"मग काय! सासूबाई म्हणाल्या, हरकरे म्हणजे हिची मैत्रीण ना? जिला टायफॉइड झालाय ती?"

प्रमिलाताईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई."

"मी रोज तुझ्याच आजारपणाचं सांगून बाहेर पडत होते, आणि तुझेच गुण छापून येत होते. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मामंजींच्याही नाही आलं. ते म्हणाले, असल्या पोरींना कसला ताप, आणि पुढे बाजारभाव वाचायला लागले. सासूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, तापात बरी खेळते हो तुझी मैत्रीण."

मला हसू आलं. पण शरयूबाई हसत नव्हत्या. मीही आवरलं.

"मला वाटलं, आता संपलं. रात्री मामंजींना सांगणार. पण संध्याकाळी त्या न्हाणीघरापाशी तेलाची वाटी गरम करून घेऊन आल्या. म्हणाल्या, बस. मी घाबरून बसले. उजवा खांदा पुढे केला. त्या घरात मी उजवीच होते ना, इतक्या महिन्यांत कुणी मला डाव्या हाताने काडी उचलताना पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी उजवा खांदा बाजूला सारला आणि डावा धरला."

त्यांनी आपला डावा खांदा नुसता चाचपला.

"कसं कळलं त्यांना?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? विचारलं नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. तो हंगाम संपेपर्यंत हेच. दुपारी त्या मामंजींना म्हणायच्या, अहो, ते हिच्या मैत्रिणीचं वाचा ना आधी. मामंजी वैतागून वाचायचे. संध्याकाळी तेल. फायनलच्या दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस ऐकल्यावर त्यांनी माझ्या पानात वाटीभर तूप ओतलं. मामंजी म्हणाले, आज काय विशेष? तर म्हणाल्या, हिच्या मैत्रिणीचा ताप उतरला." शरयूबाई खुर्चीत येऊन बसल्या. "हे गुण मी दुसऱ्या कुणाच्या नावाने केले नाहीत वं. त्या घरात ते त्याच नावाने वाचले गेले आणि त्याच नावाने माझे झाले. आता तू म्हणतेस, शरयू देशकर लिहू. ते नाव सासूबाईंनी कधी ऐकलंच नाही पेपरातून. मला ते परकं वाटतं."

"आणि शिबिर?" प्रमिलाताईंचा आवाज चढला. "ते तुझं नव्हतं? ते माझ्या घशाखाली कसं उतरवू मी? पन्नास वर्षं अडकलंय ते!"

"मला कुठे जाता येणार होतं शिबिराला? आणि पुढे पतियाळाला सासूबाईंचं तेल पोचलं असतं का? तू गेलीस म्हणून शर्ट तरी गेला."

"मग मागितलं का नाहीस? एकदा तरी येऊन भांडायचंस!"

"मी वाट बघत होते, तू येशील आणि सांगशील पतियाळा कसं होतं ते. तुझ्याशिवाय कोण सांगणार होतं मला? तू आलीच नाहीस. राग असेल तर त्याचा आहे."

आजवर प्रमिलाताईंनी ज्या गोष्टीची लाज बाळगली होती ती इथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हती, आणि खरी तक्रार निराळीच निघाली होती. मग त्यांनी नाक पुसलं.

"पतियाळाला थंडी फार होती," त्या म्हणाल्या. "बोटं वाकायची नाहीत. पहिल्या सामन्यात मी चार गुण केले. फक्त चार. कोच हिंदीत म्हणाला, पेपरवाली प्रमिला कुठे राहिली?"

शरयूबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा कपाळावरून घसरून मांडीवर पडला. प्रमिलाताईही हसल्या. हसता हसता दोघींच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

त्यानंतर पतियाळाच्या गोष्टी तासभर चालल्या. शेवटी मला बसची वेळ सांगावी लागली.

"पण मी काय लिहू?" मी म्हणाले. "खडतकर थांबलेत. ताई ते गुण घेत नाहीत, तुम्हीही घेत नाही. आकड्यापुढे नाव तर पाहिजे."

"माझ्यातून कापून टाक," प्रमिलाताई म्हणाल्या. "सुधीला मिळू दे सत्कार. कोपरं मारून का होईना, स्वतःचे आहेत तिचे."

"आणि कापलेले कुठे ठेवू?"

शरयूबाई तोंड उघडणार तोच प्रमिलाताईंनी हात वर केला. वर्ग गप्प करावा तसा.

"नाव आहे की. हिच्या सासूने दिलेलं. तेच लिही."

खडतकरांनी तक्ता बघितला आणि फोन केला. "कुंदाताई, बाकी सगळं ठीक आहे, पण पासष्ट-सहासष्टला हे काय लिहिलंय? हे नाव आहे का?"

"आहे."

"अहो, पूर्ण नाव, आडनाव काही?"

"एवढंच आहे. सात नंबरचा शर्ट तिने घातला होता, ते मी स्वतः पाहिलंय. माझी सही आहे खाली."

सरकारी सहीचा धाक निवृत्तीनंतरही थोडा उरतो. त्यांनी स्मरणिकेत तसंच छापलं.

जानेवारीत कार्यक्रम झाला. सुधा बोबडे व्हीलचेअरवरून मंचावर गेल्या, आणि शाल अंगावर पडताच त्यांनी खाली बघून प्रमिलाताईंना कोपर उडवून दाखवलं. प्रमिलाताई सगळ्यांत आधी उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. त्यांच्या शेजारी शरयूबाई बसल्या होत्या, वर्ध्याहून सकाळच्या बसने आलेल्या. मी त्यांच्या मागच्या रांगेत.

भाषणं सुरू झाल्यावर शरयूबाईंनी स्मरणिका उघडली. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि तक्ता शोधला. वर्षांवरून बोट खाली नेत त्या एका ओळीवर थांबल्या.

१९६५-६६. प्रमिलाची मैत्रीण. सामने ९, गुण १७४.

बराच वेळ बोट तिथेच होतं. डाव्या हाताचं.

मग त्या प्रमिलाताईंच्या कानाशी वाकल्या. मंचावर कुणी मंत्री बोलत होते, पण मला ऐकू आलं.

"तापात बरी खेळायची वं तुझी मैत्रीण."

"बरी?" प्रमिलाताई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मंत्री थांबले. "तुझ्या सासूला काय कळत होतं खेळातलं!"